शिकार टाचेची

नाशिकमध्ये शिकारीचे बूट मिळतात, शिकार मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीची हौस मोडीत काढली, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. आणि आमच्याकडे त्यासाठी रानात जायचं कारणही उरलेलं नाही. निफाड-दिंडोरीच्या उसातला बिबट्या मधूनमधून आपणहून शहरात येतो आणि एखाद्या बंगल्याच्या जिन्याखाली दबा धरून बसतो. वनखात्याची माणसं जाळी घेऊन येतात, आणि त्यांच्या कामात अडथळा आणायला जमलेल्या शेकडो लोकांच्या पायात स्लिपर असतात. तरीही जून लागला की मेन रोडवर, शालिमारला, देवळाली कॅम्पात दुकानदार वरच्या फळीवरचा खोका काढतो. आतून घोट्याच्या वर चढणारा, हिरवट रंगाचा, जाड तळाचा ऐवज निघतो आणि दुकानदार म्हणतो, "हंटर आहे साहेब. जंगलात कुठंही घाला."

साहेब जंगलात जाणार नसतात. साहेब उद्या सकाळी हरिहर किल्ल्यावर जाणार असतात, आणि आत्ता शनिवारची संध्याकाळ असते.

या खरेदीचा सोहळा बघण्यासारखा असतो. गिऱ्हाईक बूट हातात घेतं आणि आधी उलटा करतं. तळ नखाने कोरून बघतं, वाकवून बघतं, दोन बोटांनी वाजवूनही बघतं. कलिंगड घेताना झालेला सराव इथे कामी येतो. "ग्रिप आहे ना?" "ग्रिप म्हणजे काय साहेब, भिंतीवर चढाल." मग एकाच पायात बूट चढवायचा, तोही ऑफिसच्या तलम मोज्यावर, आणि गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून आरशात बघायचं. दुसऱ्या पायाचा बूट खोक्यातच राहतो. आपले दोन्ही पाय सारख्या मापाचे आहेत हा विश्वास माणूस जन्मभर बाळगतो आणि तो बऱ्याचदा खोटा असतो. "बसतोय?" "बसतोय." टाचेच्या मागचा भाग कसा शिवलाय, आत शिवण टोचते का, पाय उचलला की टाच जागेवरून हलते का, हे कुणी विचारत नाही. दुकानदारालाही ते कुणी विचारलेलं आवडणार नाही. "आणि चावला तर?" एवढा एक भाबडा प्रश्न बायको विचारते. "दोन दिवसांत सैल होतो, वहिनी." यातला पहिला दिवस म्हणजे उद्याचा हरिहर, हे दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही.

ट्रेकिंगच्या जुन्या मंडळींचा या हंटरवर मुळीच विश्वास नाही. ती 'ॲक्शन'च्या ट्रेकिंग शूजची भक्त असतात, त्या रबराला सह्याद्रीचा कातळ ओळखतो म्हणतात. वाद चिघळला की बाहेरून माल मागवणारी नवी पिढी आणि ही जुनी पिढी एकमेकांचे तळवे तपासत बसतात. गंमत अशी की ज्याच्या शिकारकथा वाचून आपण लहानपणी अंगणात वाघ शोधले, त्या जिम कॉर्बेटच्या पायात जाडजूड बूट नसायचे, पातळ रबरी तळाचे असायचे. वाघाला पावलांचा आवाज जाऊ नये, एवढं साधं कारण होतं. आमच्या हंटरचा आवाज त्र्यंबकपासून घोटीपर्यंत जातो. त्याच्या भीतीने पळ काढेल असं त्या वाटेवर एकच जनावर असतं, आत बसलेली टाच, आणि तिला पळता येत नाही.

टाचेचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला चढच लागतो. नवा बूट घालून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर दहा फेऱ्या मारणारे लोक मी बघितलेत. घरी येऊन ते जाहीर करतात, "मस्त आहेत, अजिबात चावत नाहीत." सपाटीवर चावायचं कारणच नाही. पाय टाकताना टाच आधी टेकते, मग पाऊल पुढे झुकतं, सगळं शांतपणे चालू असतं. चढावर भार चवड्यावर येतो. जाड तळाचा नवा बूट पावलाबरोबर वाकायला तयार नसतो. पाऊल वाकतं, बूट ताठ राहतो, आणि आतली टाच दर पावलाला जराशी वर सरकते, परत खाली बसते. हरिहरच्या शेवटच्या टप्प्यावर तर कातळात खोदलेला उभा जिनाच आहे. हात घालायला दोन्ही बाजूंना खोबण्या आहेत आणि पायरीवर जेमतेम चवडा मावतो. १८१८ साली या भागातले किल्ले निकामी करत फिरणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जने हा जिना मात्र शाबूत ठेवला, असं सांगतात. त्याच्या शिपायांच्या टाचांचं काय झालं, हे सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आता सगळ्यांचा समज असा की बूट कातडीला वरून घासतो आणि कातडी झिजून फोड येतो. घासून जे होतं त्याला खरचटणं म्हणतात. फोडाचा कारभार आतून चालतो. घामाने ओली झालेली कातडी मोज्याला धरून बसते, मोजा बुटाला धरून बसतो, आणि आतलं हाड मात्र पावलागणिक वर-खाली होत राहतं. या ओढाताणीत कातडीच्या वरच्या थरातच आत फट पडते आणि तिथे पाणी भरतं. घडीच्या पोळीचे पदर तव्यावर सुटतात आणि मधे वाफ धरून पोळी टम्म होते, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की पोळी फुगली की कौतुक होतं. कोरडी कातडी कमी धरते, पार भिजून चिंब झालेली कातडीही थोडी निसटते. सगळ्यात वाईट ती दमट कातडी. आणि जून ते सप्टेंबर या काळात त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात दमट नसलेली एखादी वस्तू दाखवा, मी बक्षीस देतो.

पण हे सगळं शरीरशास्त्र झालं. फोड खरा मोठा होतो तो माणसाच्या स्वभावामुळे, असं माझं अनेक रविवार लोकांच्या टाचा बघून बनलेलं मत आहे.

फोड कधीही न सांगता येत नाही. आधी चुणचुण येते. मग एका ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, ऊब लागते. ही ऊब म्हणजे टाचेने दिलेली रीतसर नोटीस असते. त्या क्षणी खाली बसावं, बूट काढावा, मोज्याची सुरकुती सरळ करावी, त्या जागेवर पट्टी चिकटवावी, आणि उठावं. तीन-चार मिनिटांचं काम आहे. आणि हे काम कुणीही, म्हणजे कुणीही करत नाही.

का करत नाही? कारण पायथ्याला, निरगुडपाड्यात, ओळखपरेड झालेली असते. गोल करून उभं राहायचं आणि नाव, राहणार कुठे, आधी किती किल्ले केले ते सांगायचं. आपल्या आधीच्या मुलीने "अलंग-मदन-कुलंग" असं एका श्वासात सांगितलेलं असतं. मग आपणही "तसे बरेच झालेत" म्हणून मोकळे झालेलो असतो. त्या बऱ्याचमध्ये पांडवलेणी आणि लहानपणी शाळेच्या सहलीतला रामशेज असतो. असा बरेच किल्ले केलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात खाली बसून बूट कसा काढणार? शिवाय लीडर पुढे असतो. त्याच्या गळ्यात शिट्टी असते. मावळे रात्रीत किती कोस तोडायचे, हा त्याचा आवडीचा विषय असतो, आणि त्या मावळ्यांपैकी एकानेही "थांबा महाराज, मोजा गोळा झालाय" म्हटल्याचं ऐकिवात नाही.

गंमत अशी की हाच ग्रुप इतर कोणत्याही कारणासाठी थांबतो. धबधबा दिसला थांबला. खेकडा दिसला थांबला. झेंडा काढला, सगळ्यांनी मिळून धरला, वारा पडला म्हणून परत धरला, यात पंधरा मिनिटं गेली. एका जोडप्याच्या रीलसाठी अख्खी रांग उलटी चालून परत वर आली. फोटोसाठी थांबणं ही हौस, पाण्यासाठी थांबणं ही काळजी, आणि टाचेसाठी थांबणं हा नाजूकपणा, असं काहीतरी ठरून गेलंय. म्हणून ज्याची टाच पेटलीये तो प्रत्येक फोटोत आनंदाने सामील होतो. फोटोपुरतं त्याला उभं राहता येतं, शक्यतो एका पायावर.

शेवटी तो तोंड उघडतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि त्याच क्षणी ग्रुपमधले सगळे डॉक्टर होतात. बूट काढल्यावर वर्तुळ जमतं. अरे बापरे! हा उद्गार दोनदा येतो, एकदा फोड बघून आणि एकदा मोज्याच्या वासाने. मग उपाय सुरू होतात. हळद लाव. टूथपेस्ट लाव, गार वाटतं. (पिशवीतून ती निघतेही. किल्ल्यावर टूथपेस्ट घेऊन येणारा माणूस कोण असतो, हे मला आजवर कळलेलं नाही.) कुणी गोल बँडेड देतं, ते दहा पावलांत गुंडाळी होऊन मोज्याच्या तळाशी जातं आणि तिथे स्वतःचा वेगळा फोड करतं. कुणी व्हॅसलीनची डबी काढतं. व्हॅसलीन सुरुवातीला निसरडं करतं हे खरं, पण काही तासांनी ते कातडीत मुरतं, कातडी मऊ होते आणि घर्षण आधीपेक्षा वाढतं. तोवर डबीचा मालक पुढे निघून गेलेला असतो.

ज्यावर खरोखर भिस्त ठेवावी अशी वस्तू कोणत्याही मेडिकलमध्ये चहा-वड्याच्या भावात मिळते. सलाईनची सुई हाताला चिकटवायला वापरतात ती पांढरी कागदी पट्टी. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ती १२८ धावपटूंवर तपासली. हे लोक वाळवंटात सात दिवसांत अडीचशे किलोमीटर धावणारे होते, म्हणजे त्यांच्या डोक्याची तपासणीही करायला हरकत नव्हती. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. २०१६ साली हे छापून आलं. अट एवढीच की पट्टी घरी, कोरड्या पायाला, सुरकुती न पडता, निघायच्या आधी लावायची. नाशिककराला ही अट अवघड जाते, कारण निघायच्या आधी त्याला पोहे खायचे असतात.

त्याआधी १९९८ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी छात्रांवर वेगळाच प्रयोग झाला होता. काखेत घाम येऊ नये म्हणून लावतात तसलं औषध त्यांच्या पायांना आधीच्या सलग पाच रात्री लावलं आणि २१ किलोमीटर चालवलं. औषध नेमाने लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, औषधाविना नुसतं अल्कोहोल लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. निकाल झकास. फक्त औषधवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या पायांची आग आणि खाज सुरू झाली. म्हणजे फोड नाही, पण रात्रभर पाय खाजवत बसायचं. हे आमच्या ग्रुपमध्ये सांगितल्यावर एकाने डिओ मारून बघितला. पायाला वास छान आला, बाकी जिथल्या तिथे.

मोज्यांचं शास्त्र सोपं आहे आणि म्हणून ते कुणी पाळत नाही. आत पातळ, वर जाड, असे दोन मोजे घातले की सरकासरकी मोज्या-मोज्यांत होते आणि कातडी सुटते. सुती मोजा घाम धरून ठेवतो, तो नको. पण दुकानात दोन मोज्यांनिशी बूट घालून बघितलेला नसतो, त्यामुळे आयत्या वेळी दुसरा मोजा घातला की पाय बुटात जात नाही. नाड्यांचंही तेच. सगळ्यात वरची भोकं लोक रिकामी सोडतात, कारण तिथवर नाडी नेली की बांधायला वेळ लागतो. ती भोकं टाच मागे घट्ट बसवण्यासाठीच दिलेली असतात. चढताना घोट्यापाशी आवळायचं, उतरताना परत बांधून बोटांना पुढे आदळू द्यायचं नाही. हे दोनदा नाडी बांधणं सांगितलं की लोक माझ्याकडे मुंजीतल्या भटजीकडे बघावं तसं बघतात. आणि नव्या बुटाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ट्रॅक सोडा, आठवडाभर सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा-उतरा. काय चावायचं ते तिथेच चावेल, आणि रिक्षा खाली उभी असेल.

चालण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा अडाणी नाही. चैत्रात धुळे-जळगावकडून माणसं उन्हातान्हात सप्तशृंगीला वणीच्या गडावर पायी येतात. नवरात्रात नाशिकची पोरं रात्री निघतात, कोजागिरीला कावडी जातात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, चिखल तुडवत, पुष्कळजण अनवाणी. आणि निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून थेट पंढरपूरपर्यंत जाते. या मंडळींनाही फोड येतात, भरपूर येतात. पण तिथे थांबण्याला मान आहे. वणीच्या रस्त्यावर मांडवात चहा-फराळाआधी पाय पुढे करायची रीत आहे. कुणीतरी अनोळखी माणूस तुमचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळतो आणि तुम्ही "अहो, राहू द्या" म्हणायच्या आत घोटा त्याच्या ताब्यात गेलेला असतो. पालखीच्या वेळापत्रकात तर विसावा छापलेलाच असतो. ट्रेकच्या मेसेजमध्ये सकाळी सहाला मेळा स्टँड, आठला पायथा, अकराला माथा, एवढंच असतं. विसाव्याची ओळ मी तरी अजून कुठल्या ग्रुपवर वाचलेली नाही.

वारीतल्या जाणत्या बायांचा एक जुना उपाय आहे. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, पाणी झिरपत राहतं. डॉक्टर म्हणतात, दोरा आत ठेवू नका, त्याच वाटेने जंतू आत जातात. फोडाला हात लावू नका, फारच तटतटला तर निर्जंतुक सुईने कडेला छिद्र करा, वरची कातडी सोलू नका, झाकून ठेवा. मधुमेह असेल तर घरगुती डॉक्टरकी बंद. बाया यावर ऐकून घेतात आणि दोरा ओवतात.

थांबता येत नव्हतं म्हणून आलेले फोडही नाशिकने बघितलेत. ६ मार्च २०१८ ला शेतकरी सीबीएस बसस्टँडहून मुंबईकडे चालायला लागले आणि १८० किलोमीटर तोडून १२ तारखेला आझाद मैदानात बसले. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला, सकाळी दहावीच्या पोरांना पेपरला जायला अडचण नको म्हणून. सोललेल्या तळपायांचे फोटो तेव्हा सगळ्या देशाने पाहिले, मुंबईकरांनी चपला आणून दिल्या. त्यात बहुतेक सुरगाणा-पेठ-दिंडोरीकडची आदिवासी माणसं होती. आपण ज्या वाड्यांमधून गाडी लावून किल्ल्यावर चढतो, तशाच वाड्यांमधली.

तिथलीच एखादी मावशी हरिहरच्या माथ्यावर लिंबूसरबत विकायला बसलेली असते. डोक्यावर हंडा घेऊन ती आपल्या कितीतरी आधी चढून आलेली असते, पायात प्लास्टिकची चप्पल. लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा, सवय!" सवय आहेच, पण चपलेला मागची भिंतच नाही, हेही आहे. टाच मोकळी वर उठते, मोकळी खाली येते, तिला धरून ठेवणारं कुणी नाही. मावशींच्या टाचेला फोड नाही, पण नखभर खोल भेगा आहेत. आमच्यातल्या एकाने आपला फोड दाखवून विचारलं, "मावशी, यावर काय करता?" त्यांनी वाकून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बूट नाही घालत."

उतरताना टाच सुटते आणि पाळी बोटांवर येते. अंगठ्याचं नख पुढच्या भिंतीवर आदळत येतं, लवकरच काळं पडतं आणि पुढे सवडीने गळतं. संध्याकाळी त्र्यंबक रोडला मिसळ खायला सगळे बसतात तेव्हा टेबलाखाली बुटांचा खच पडलेला असतो. वर चर्चा चालते तर्रीची आणि पुढच्या रविवारच्या साल्हेरची. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. सगळे हात वर करतात. टेबलाखाली पाय मात्र बुटात परत जायला तयार नसतात.

आणि मग सोमवार येतो. कॉलेज रोडवर ऑफिस असलेल्यांचं बरं असतं. ते सँडल घालून जातात, लंगडतात, विचारण्याची वाट बघतात आणि विचारलं की "हरिहर" एवढंच म्हणतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या माणसाची पंचाईत होते. तिथे सेफ्टी शूजशिवाय आत सोडत नाहीत. पुढे पोलादी टोपी, मागे कडक कातडं, कालच्या हंटरचा सख्खा थोरला भाऊ. आमच्या एका मित्राला गेटवर सिक्युरिटीच्या काकांनी अडवलं. चपला बघितल्या, मग पाय बघितला.

"गड का?"

"हो काका. बूट नवीन होते."

"कुठवर गेल्यावर चुणचुणलं?"

"निघाल्यावर अर्ध्या तासातच."

"मग?"

मित्र गप्प. काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि टपरीतलं स्टूल बाहेर काढून दिलं. "बसा. साहेबांना फोन करा, मेडिकलला जाऊन कागदी पट्टी घेऊन या, आणि बूट इथं बसून घाला. मी चौदा वर्षं वणीला पायी जातो. यंदा येता का?"

"कधी?"

"नवरात्रात. पण एक आहे. आमच्यात दर दोन तासांनी बसावं लागतं."

मित्राने तिथेच नाव लिहून दिलं. साल्हेरच्या यादीत त्याचं नाव आधीच होतं, ते त्याने काढलेलं नाही. लीडरला कसं सांगायचं, हा प्रश्न आहे.